पांढरा क्रौंच आणि साठ बदकं

"माहरू, आपली बदकं संपावर गेलीत," बर्दिया बहिणीच्या कानाशी पुटपुटला. "कालपासून दाण्याला तोंड लावत नाहीत."

"तुझं तोंड बघितलं की माझीसुद्धा भूक मरते," मामेबहीण शुका म्हणाली. तीही पुटपुटतच.

बर्फामुळे इराणमधल्या फेरेयदूनकनारच्या शाळा तीन दिवस बंद होत्या आणि तिघं आजोबांच्या दामगाहवर, म्हणजे बदकं धरायच्या पाणथळ जागेवर, मजा करायला आली होती. मजा कसली, इथे मोठ्यानं बोलायचं नाही, पळायचं नाही, मातकट कपडे घालून बोरूच्या कुडाआडून चालायचं. आत पाणी भरलेली भाताची खाचरं. पाळीव बदकं निवांत चरताना दिसली की रानबदकं भरवशानं उतरतात. त्यातली थोडी आजोबा, म्हणजे मश्दी नादअली, जाळ्यात धरतात. बंदुकीला मात्र इथे थारा नाही. साधं शिंकलं तरी आजोबा डोळे वटारतात.

म्हणून तर तो इथे येतो. सैबेरियाहून, दर हिवाळ्यात, एकटा. पांढरा क्रौंच. त्याच्या जातीचा इकडे येणारा दुसरा कोणी उरलाच नव्हता. "दचकून पूर्वेला उडाला तर संपलं," आजोबांनी बजावलं होतं. "तिकडे बंदुका घेऊन बसलेत मेले."

"ससाणा आला असेल," बर्दिया म्हणाला.

"ससाण्याला भिऊन ती पाण्यात बुडी मारतात, शहाण्या. ही बघ, झापाखाली दडलीत." माहरूला चैन पडेना. ती बांधावर चढली आणि थबकली. बर्फात चार बारीक भोकं होती, अगदी चौकोनात. त्यांच्यापर्यंत येणारं एकही पाऊल नव्हतं.

"चार पायांचा प्राणी चालत आला नाही, चालत गेला नाही," शुका म्हणाली. "म्हणजे वरून उतरला."

थोडं पुढे बुटांचे ठसे होते. ठशांमागून तिघं वाकून निघाली. कुडाच्या पश्चिम कोपऱ्यात आजोबांचे पाहुणे आगा काम्याब गुडघ्यांवर बसून ड्रोनला पाती बसवत होते. काल याच माणसानं आजोबांकडे अक्रोड-डाळिंबाचा रस्सा मिटक्या मारत खाल्ला होता आणि 'मी फक्त दुर्बिणीतून बघेन' असा शब्द दिला होता.

"काल नीट जमलं नाही," ते फोनवर हळूच कुणाला तरी सांगत होते. "आज त्याच्या डोक्यावरच नेतो. पंख पसरून उठला पाहिजे, तेवढंच चित्र हवंय मला."

माहरूच्या घशाशी ओरडणं आलं आणि तिनं ते गिळलं. ओरडली असती तर लांब खाचरात उभा असलेला क्रौंच तिच्याच आवाजानं उडाला असता. आजोबा पलीकडच्या टोकाला, बोलावायला गेलं तर तोवर सगळा खेळ खलास.

तिनं बर्दियाच्या हातातली दाण्यांची लाकडी वाटी ओढून घेतली, सरळ पुढे गेली आणि सगळं भात ड्रोनवर उपडं केलं. मग बोटांनी वाटी वाजवली. टक टक, टक टक. आजोबा रोज बदकांना असंच जेवायला बोलावतात. रानपाखरांच्याही हा आवाज अंगवळणी पडलेला, कुणी मानसुद्धा वळवत नाही.

"ए मुली, काय चाललंय हे?" आगा काम्याब दात-ओठ खात कुजबुजले. त्यांनाही ओरडता येईना. क्रौंच आत्ताच उडाला तर चित्र कशाचं काढणार?

झापाखालून एक बदक निघालं, मग दहा, मग सगळी साठ. कालपासूनची उपाशी ती. डुलत डुलत बांधावर चढली आणि ड्रोनवर तुटून पडली. त्याचं एक पातं मोडलं, दुसरं मोडलं. आगा काम्याब एकाला ढकलायचे तोवर आणखी तीन चढायची. शेवटी ड्रोन गडगडत चिखलात गेला. बर्दिया हसू दाबता दाबता लालबुंद झाला.

"हलू नका," शुका एकदम म्हणाली. "तिकडे बघा."

बदकं निवांत चरताना दिसली, आणि क्रौंच चालत येऊ लागला. उंच, शुभ्र, एकेक पाय पाण्यातून सावकाश उचलत. पन्नास पावलं. तीस. वीस पावलांवर तो थांबला. त्याचा लाल चेहरा आणि पिवळा डोळा माहरूला स्वच्छ दिसला. एवढा प्रवास करून आलेला जीव, आणि तिच्यासमोर शांतपणे चिखलातली मुळं उकरून खात होता! तिचे डोळे भरून आले. शेजारी आगा काम्याब श्वास रोखून बसले होते. फोन त्यांच्या मांडीवर तसाच पडला होता.

अंधार पडायच्या आत क्रौंच आपल्या जागी परतला. मग झोपडीत चहा झाला आणि आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"चुकलो, मश्दी," आगा काम्याब खाली मानेनं म्हणाले. "उद्या एकदा येऊ द्याल? नुसतं बघायला."

"चाळीस हिवाळे मी इथे घालवले," आजोबा म्हणाले, "पण दोनशे पावलांच्या आत तो कधी आला नाही. या पोरीनं वीसवर आणला." त्यांनी चहाचा पहिला पेला माहरूपुढे सरकवला. "मला काय विचारता? हिला विचारा."

माहरूनं पाहुण्यांकडे नीट बघून घेतलं.

"या," ती म्हणाली. "पण रिकाम्या हातांनी."