हलत्या तळाची पेटी

सत्तरच्या दशकाच्या अखेरचा जून. बेटावरच्या सें पिएर गावात बारीक पाऊस धरून राहिला होता. जयराम पत्रेवाल्याच्या दुकानात त्याची मुलगी कुंती गळक्या बादलीच्या भोकाला कथलाचा डाख लावत बसली होती. दारात कुणीतरी छत्री मिटली.

"जयरामकाका आहेत?"

"बाबा भायेर गेलेत. काय ते मला सांगा."

तो गजेंद्र. गावच्या शाळेतला भूगोलाचा नवा मास्तर, मूळचा ग्रां बुआ गावचा. त्याला चार हात लांब पत्र्याची पेटी हवी होती, पाण्यानं भरायची... आणि तिच्या तळाचा एक तुकडा खालून उचलता यायला हवा होता.

कुंतीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, आमच्याकडं लोक बूड पक्कं करायला येतात."

"मुलांना रादमारे करून दाखवायचीय."

रादमारे म्हणजे गावं गिळणारी समुद्राची लाट, एवढं तिला ठाऊक होतं. "ती तर वादळानं येते."

"नाही ना... वारा वरचंच पाणी हलवतो. इथं भूकंपानं समुद्राचा तळ सरकतो, अन् वरचं सगळं पाणी उचललं जातं. कधी पाण्याखालचा ज्वालामुखी फुटतो, कधी कडा कोसळतो—" हातवारे करताना छत्रीतलं पाणी तिच्या डाख लावायच्या तापल्या सळईवर सांडलं. चर्रर्र झालं. दोघंही हसली.

पेटी तयार झाली, पण गळत राहिली. गजेंद्र दर शनिवारी येई, पत्रा धरून बसे.

"हात हलवू नका."

"मी कुठं हलवतोय?"

"मग पत्रा का थरथरतोय?"

चौथ्या शनिवारी एक थेंबही गळला नाही. दोघांनाही त्याचा फारसा आनंद झाला नाही. कुंती फडक्यानं कोपरा पुसत राहिली. "पुढच्या रविवारी मला बघायला येणार हायेत. मावशीनं स्थळ आणलंय. मुलगा जहाजावर असतो."

"बरं..." म्हणून तो पेटी उचलून गेला.

शुक्रवारी शाळेत प्रदर्शन होतं. कुंती वडिलांबरोबर गेली. गजेंद्रनं पेटीखालचा दांडा दाबला, तळ उचलला गेला. मधल्या खोल पाण्यावर लाट जेमतेम दिसली. पण पलीकडं वाळूचा उतार लागताच ती उंच झाली नि काडेपेट्यांची घरं वाहून गेली.

"खोल समुद्रात होडीवाल्याला कळतही नाही," तो सांगत होता, "किनाऱ्याशी पाणी उथळ होतं, तेव्हा..." गर्दीत त्याला कुंती दिसली. तो नुसताच दांडा दाबत राहिला.

"मिस्ये, मग?" एका मुलीनं मास्तरला विचारलं.

परतताना वाटेच्या दोन्ही अंगांना उसाला तुरे आले होते.

"बाबा, रविवारी त्या लोकांना बोलवू नका."

"का गं?"

मराठीत तिला ते म्हणवेना. खाली बघत तिनं बेटावरच्या क्रिओल बोलीत सांगितलं, मास्तर मला आवडतो.

जयराम चालता चालता म्हणाला, "सकाळीच दुकानात येऊन गेला तो. मागणी घातली तुला. मी म्हटलं, पोरीचं मन कळल्याबिगर मी बोलायचा नाय."

कुंती थांबली. मग पदर सावरून भरभर चालू लागली, वडिलांच्याही पुढं. तिचा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून.