लिओन्सियाच्या हातचं

"ताई, तू रागावू नकोस, पण तू या घरातून जावंस असं मला वाटतं," नेलिदा म्हणाली, आणि तेही इतक्या हळुवार, समजूतदार आवाजात, की लिओन्सियाला क्षणभर वाटलं, धाकटी बहीण आपली विचारपूसच करते आहे...

चुलीवर बटाटे रटरटत होते. कोपऱ्यात मेंढीच्या कातड्यावर आई, सातुर्निना, भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिच्यापुढचा वाडगा तसाच निवत होता. हात थरथरत होते, नजर जमिनीला खिळली होती. लिओन्सियाने वाढलं की आईचं हे असंच व्हायचं. ते आजचं नव्हतं.

"कुठे जाऊ?" लिओन्सियाने विचारलं.

"पाउलिनाकडे मागची खोली रिकामी आहे. मी बोलून ठेवलंय तिच्याशी."

म्हणजे सगळं ठरवूनच आली होती तर! शेजारणीशी बोलणं आधी, सख्ख्या बहिणीशी नंतर.

नेलिदा कोचापाता गावच्या मानसिक आरोग्य केंद्रात मानसतज्ज्ञ होती. त्या डोंगरी भागात एके काळी बंडखोर आणि सैन्य यांच्या कात्रीत सापडून गावंच्या गावं पोळली होती, आणि त्यातून वाचलेली माणसं म्हातारपणी का होईना, केंद्राची पायरी चढू लागली होती. तिथे कुणाला डाफरायचं नाही, "तुला झालंय तरी काय" असं म्हणायचं नाही. याच्यावर काय गुदरलं असेल हे मनात धरून वागायचं आणि तो सांगेल तेव्हाच ऐकायचं. कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा तरी आधी विचारायचं. दारं बंद करायची नाहीत, कारण बंद दाराआड फार जणांचं फार काही झालं होतं. पाउलिना म्हणायची, "तुझी बहीण भिंतीलासुद्धा विचारत असेल, टेकू का म्हणून." पण लोक नेलिदाला मानायचे, आणि सगळ्यांत जास्त अभिमान होता तो लिओन्सियाला. बाजारात पातास्का विकून, मक्याच्या दाण्यांचा आणि आतड्यांचा तो रस्सा पहाटेपासून ढवळत राहून, स्वतःचा संसार न मांडता तिनेच तर या पोरीला शिकवलं होतं!

"मी रोज बघते, ताई," नेलिदा सांगत होती. "तू आत आलीस की आईचा श्वास बदलतो. मी वाढलं तर जेवते, तू वाढलंस तर वाडग्याला हात लावत नाही. केंद्रात आम्ही पहिल्यांदा हेच करतो, ज्या माणसाचा धसका बसलाय त्याच्यापासून लांब नेतो. मी लहान असताना तू तिच्याशी कशी वागलीस ते मी विचारणार नाही. पण..."

"मी मारायचे तिला, असं वाटतं तुला?"

नेलिदा गप्प राहिली. ती इतकी शिकलेली, इतकी दयाळू, आणि तिच्या त्या गप्प राहण्यात लिओन्सियाच्या साऱ्या आयुष्याचा निकाल लागलेला होता.

लिओन्सियाने आईकडे पाहिलं. एक शब्द, आई... नुसती मान हलवलीस तरी पुरे! पण सातुर्निनाने डोळे वर केले नाहीत.

कशी करणार? लिओन्सियाला तो दिवस काल घडल्यासारखा आठवत होता. वडील मारले गेले त्याला महिना झाला असेल नसेल. टेकडीवरच्या तळावरून शिपाई आले, म्हणाले, स्वैपाकाला बाई पाहिजे, चल. स्वैपाक म्हणजे काय ते गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. नेलिदा तेव्हा अंगावर पीत होती. आईने तिला छातीशी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने लिओन्सियाचं मनगट पकडून तिला पुढे ढकललं. "हिला न्या," ती म्हणाली, "हिच्या हाताला चव आहे." लिओन्सिया तेव्हा परकरी वयाची पोर होती, बाहुल्यांचा नाद नुकता सुटलेला. तळावरून ती परत आली तेव्हा सुगी उलटून गेली होती. आईने दार उघडलं, बाजूला झाली, आणि दोघींपैकी कुणीही त्याबद्दल पुढे कधी अवाक्षर काढलं नाही.

आता ते बोलायचं? "जिच्यासाठी मला दिलं ती तू" असं या पोरीला सांगायचं? नेलिदा आईला देव मानत होती. तिचा देव फोडायचा, तिच्या जन्माचं ओझं तिच्याच डोक्यावर द्यायचं... लिओन्सिया उठली. तिने आपले दोन घागरे शालीत बांधले, गाठोडं पाठीवर मारलं, चुलीतला जाळ मागे ओढला आणि ती निघाली. निघताना एवढंच म्हणाली, "बटाटे उतरव, नाहीतर लगदा होईल."

पाउलिना भडकली. "हाकललं तुला? जिचं हगमूत काढलंस तिने?"

"आईला बरं वाटावं म्हणून."

"आणि तुला बरं वाटायचं कुणी बघायचं? का तुझ्यासाठी केंद्रच नाही?"

आणि सगळ्यांत निर्दय गोष्ट ही, की आईला खरोखरच बरं वाटू लागलं. सातुर्निना पोटभर जेवू लागली, तिला झोप लागू लागली, ती दारात बसून लोकर कातू लागली. नेलिदा बाजारात लिओन्सियाच्या पातेल्यापाशी येऊन आनंदाने सांगायची, "बघ ताई, मी म्हणत होते ना?" आणि लिओन्सिया मान हलवून पळी ढवळत राहायची. परक्याच्या खोलीत पडल्या पडल्या तिला एकच प्रश्न छळायचा, की आपण मेलो असतो तर आई किती वर्षं आधीच बरी झाली असती...

मग एक दिवस नेलिदा म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्या बायका गुरुवारी केंद्रात एकत्र बसतात, लोकर कातत कातत बोलतात. आईपण येते. त्यांना तुझ्या हातचा पातास्का हवाय. आणशील? फक्त मागच्या अंगणातून ये हं, आईच्या नजरेस पडू नकोस."

"नाही पडणार," लिओन्सिया म्हणाली.

त्या गुरुवारी ती मागच्या अंगणात पातेलं उतरवत होती. बायकांच्या खोलीचं दार रिवाजाप्रमाणे सताड उघडं होतं. आत एक म्हातारी सांगत होती, की शिपाई आले तेव्हा आईने आपल्याला मक्याच्या कणगीत लपवलं आणि स्वतः वर बसून राहिली. बायका मुसमुसत होत्या. मग मध्येच एक आवाज आला, कोरडा, कित्येक वर्षं न वापरलेला.

"मी माझीला लपवलं नाही. मी दिली."

आईचा आवाज! लिओन्सियाचे हात पातेल्याच्या कडेवर तसेच राहिले.

"कुणाला दिलंस, आई?" नेलिदाने विचारलं. विचारायचं नसतं हे ती त्या क्षणी विसरली.

"लिओन्सियाला. तू अंगावर पीत होतीस. ते मला न्यायला आले होते. मी म्हटलं, हिला न्या, हिच्या हाताला चव आहे." चातीचा आवाज थांबला होता. "परत आली ती. आणि दुसऱ्या दिवसापासून तिने मला वाढायला घेतलं. त्याच हाताने. मी म्हणायचे, राहू दे, मी घेते माझं. ऐकायची नाही. तिला माहीत होतं माझ्या घशाखाली उतरत नाही ते. माहीत होतं, आणि म्हणून रोज वाढायची. रोज!"

लिओन्सियाला वाटलं, आत धावावं आणि ओरडून सांगावं, हे खोटं आहे, मी सेवा केली तुझी... पण ती तिथेच उभी राहिली. कारण तिला आठवलं, की आईचे हात थरथरू लागले की आपण वाडगा थोडा आणखी पुढे सरकवायचो. आठवलं, की आईने तो तसाच परत दिला की आपल्या छातीत काहीतरी निवायचं, आणि मगच आपल्याला घास जायचा. सारा गाव जिला त्यागाची मूर्ती म्हणत होता, ती सकाळ-संध्याकाळ म्हातारीला तिचं पाप वाडग्यात घालून देत होती. नेलिदाने ओळखलं होतं ते अगदीच चूक नव्हतं. फक्त गुन्हेगार कोण आणि धसका कुणाचा, याचा तिला उलगडा झाला नव्हता.

पातेल्याचं झाकण घरंगळलं. नेलिदा बाहेर धावली आणि तिने बहिणीला पाहिलं.

"ताई... मला का नाही सांगितलंस? मी तुला... तुला घराबाहेर..." ती हुंदके देत मिठी मारायला झेपावली.

लिओन्सिया मागे सरकली. "आधी विचारतेस ना सगळ्यांना? मग मला का नाही?"

नेलिदाचे पसरलेले हात खाली आले. ती अंगणातल्या धुळीत मटकन बसली आणि बहिणीच्या घागऱ्याला न शिवता, नुसती तिच्या पायांकडे बघत रडत राहिली. दारात सातुर्निना येऊन उभी होती. चौकट धरलेले तिचे हात नेहमीसारखेच थरथरत होते, पण आज पहिल्यांदाच ती थोरल्या लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

"घरी ये," ती म्हणाली. "वाढ मला. मी खाईन. कसंही करून खाईन."

ती खरंच खाईल, लिओन्सियाला कळलं. ओकत ओकत खाईल, मरेपर्यंत खाईल, आणि आपण समोर बसून बघू. तसं झालं असतं तर कुणी नावं ठेवली नसती, उलट माय-लेकींचं मनोमिलन झालं म्हणून गावाने डोळे पुसले असते.

तिने पळी पातेल्यात बुडवली, एक वाडगा भरला आणि तो नेलिदाच्या हातात दिला.

"येते घरी. पण आईला आजपासून तू वाढायचंस. घरातही तूच."

सातुर्निनाला कळायला वेळ लागला. मग तिचा चेहरा एकदम चुरगळला. "म्हणजे... माफ केलंस मला?"

"नाही," लिओन्सिया म्हणाली. "दमले मी."

नेलिदाने वाडगा आईला दिला. मग दुसरा भरला आणि तो घेऊन लिओन्सियासमोर कितीतरी वेळ उभी राहिली, तेव्हा कुठे लिओन्सियाने तो घेतला. अंगणातल्या एकाच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून, दोघी मायलेकी जेवल्या.