जाड भिंत

पोस्ट बंद होणार हे पक्कं झालं, तेव्हा इमारतीचा नकाशा काढायला एका दुपारी मोजणीच्या बाई आल्या. सव्वाशे वर्षांची दगडी इमारत, निदान कागदावर तरी उरावी. पोस्टमास्तर हरखले. अकरा वर्षं ते इथे एकटेच. दिवस दिवस चिटपाखरू फिरकत नसे. बायको गेल्यापासून घरीही तीच गत.

टपाल लावायच्या खोलीत मात्र पाठीमागून कुणीतरी आपल्याकडे बघतंय, असं त्यांना वाटे. भीती नव्हे, सोबतच वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

बाईंनी आतून-बाहेरून फीत लावली. "मास्तर, चार फूट जागा कमी भरतेय. भिंत एवढी जाड कशी?"

कपाट सरकवल्यावर अरुंद दार निघालं. आत काळोखा बोळ, जुन्या डिंकाचा कुबट वास, आणि भिंतीत डोळ्यांच्या उंचीवर एक फट. फटीतून थेट मास्तरांची खुर्ची दिसत होती.

"पूर्वी साहेब इथून कारकुनांवर नजर ठेवायचे," बाई म्हणाल्या. "पाकिटं फोडतात की काय म्हणून."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. म्हणजे इतकी वर्षं नुसती फटच होती.

"तुम्ही फितीचं टोक शेवटच्या भिंतीला धरा, मी बॅटरी आणते," म्हणून बाई गाडीकडे गेल्या. मास्तर आत गेले खरे, पण तिथे उभं राहवेना. टोक जमिनीवर ठेवून ते बाहेर आले आणि खुर्चीत बसले. त्यांना रडू येत होतं.

बाई परतल्या त्या थेट बोळाच्या दाराशी. फितीची डबी उचलून त्यांनी आकड्यावर बॅटरी धरली. "धरलंत ना? ताणा जरा... हं. बावीस फूट." वळल्या, तर मास्तर खुर्चीत.

"तुम्ही... इथे? मग टोक कोणी धरलंय?"

मास्तर उठले. त्यांनी बाईंच्या हातातून फीत घेतली. ती ताठ होती.

"उद्या कुलूप लागणार आहे," ते अंधाराकडे बघत हळूच म्हणाले.

आतून हलकेच ओढ बसली.

"मास्तर, सोडा ती..."

त्यांनी सोडली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी बोलावत होतं. बोळ बावीस फुटांवर संपत होता, आणि त्यांच्या बोटांखालून फीत आत सरकत होती. चोवीस... सत्तावीस... तीस.