माणूस काढून दाखव

थाप वाटली तर खुशाल वाटू द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या घरी, बाहेरच्या खोलीत, भर दुपारी घडलंय.

मामा जमीन मोजणारे. आयुष्यभर नकाशे काढलेले, त्यामुळे बाकीचं जग त्यांच्या लेखी अडाणी. त्यात मामीचा धाकटा भाऊ म्हणजे अगदीच बिनकामाचा... चित्रकार!

तो जन्मात एकदा विमानात बसला आणि खिडकीतून दिसलेली जमीन रंगवून घेऊन आला. पिवळे-तपकिरी तुकडे, मधून एक निळी रेघ.

"भिंतीला ओल आली की असंच दिसतं," मामा म्हणाले. पट्टी लावून त्यांनी मधला पिवळा तुकडा मोजला. चार सेंटिमीटर. चित्रामागे पेन्सिलीनं लिहूनही ठेवलं. "ना प्रमाण, ना दिशा. यात माणूस कुठाय?"

"दाजी, इतक्या वरून माणूस दिसत नाही."

"दिसत नाही, की काढता येत नाही? माणूस काढून दाखव, मग तुला चित्रकार म्हणेन."

"खाली आलो की काढतो," तो म्हणाला.

महिनाभरात तो गेला. झोपेतच.

मामीनं ते बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरून उतरवू दिलं नाही. भावाची तेवढीच आठवण.

एका दुपारी मामांना तो तुकडा मोठा वाटला...

पट्टी लावली. सहा.

आठवड्यानं... नऊ.

"स्वस्तातला रंग. पसरतोय," मामा फिसकारले. पण पसरलेल्या रंगाच्या कडा फुटतात. इथे सगळंच एका प्रमाणात वाढत होतं, आणि हे मामांइतकं कुणाला कळणार?

कुणीतरी खाली येत होतं.

मग पिवळ्यात एक करडा चौकोन उमटला. कोपऱ्यात पाण्याची टाकी. कपड्यांच्या दोन दोऱ्या...

मामांचीच गच्ची.

आणि तिच्यावर एक टक्कल.

"नाक ना डोळे! याला माणूस म्हणतात?" मामा चित्रावर खेकसले. खोलीत ओल्या रंगाचा वास सुटला...

तेव्हापासून मामा छत्रीशिवाय गच्चीवर पाऊल टाकत नाहीत. विचारलं तर म्हणतात, ऊन लागतं.

मागच्या रविवारी मी गेलो, तेव्हा चित्रात टक्कल नव्हतं. अख्खी चौकट भरून एक काळी छत्री होती. आठही काड्या मोजता येत होत्या.

मामी रडकुंडीला आली होती. "अहो, एकदा चित्रकार म्हणून टाका ना त्याला!"

"त्याला? मेलो तरी म्हणणार नाही."

मामांनी छत्री उचलली आणि ते जिना चढायला लागले.

मी चित्राकडे पाठ करून बसलो. वास मात्र येतच होता...