तालीम कुणाची?

रविवारी सकाळी सात वाजता धनश्री इंगवले दूध कट्ट्यावर आली, तेव्हा तिच्या गळ्यात एक आणि हातात एक असे दोन जांभळे गळपट्टे होते. कट्ट्याला म्हशी बांधल्या होत्या. समोर धार काढून फेसाळ दुधाचे पेले हातोहात जात होते आणि प्रत्येक पेल्यामागे एक भांडण उभं राहत होतं. पुण्याची एक कंपनी धाकटी तालीम विकत घ्यायला निघाली होती आणि आज त्यावर मतदान होतं.

"विकली म्हणजे काय तालीम पुण्याला उचलून नेणार हाईत व्हय? मैदान हितंच राहणार!"

"मैदान राहील रं. जर्सीवर नाव कुणाचं लागंल? दात घासायच्या पावडरीचं?"

"आत्ता कुणाचं आहे? तुझ्या मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीचंच की!"

कट्टा हसला. त्या हसण्याबरोबर सगळ्यांच्या गळ्यातले गळपट्टे बारीकसे गुणगुणले. कुणी लक्ष दिलं नाही. नऊ वर्षांत कोल्हापूरच्या या पेठेला त्या गुणगुणण्याची सवय होऊन गेली होती.

धाकटी तालीम मुळात कुस्तीची. पण तीन पिढ्यांपूर्वी इथल्या पैलवानांनी पायात बूट चढवले आणि तेव्हापासून तालीम म्हणजे फुटबॉलचा संघ. नऊ वर्षांपूर्वी पेठेतल्याच नियाज मुल्लांनी हे गळपट्टे तयार केले. फाउंड्रीत यंत्रांची थरथर मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी लोकरीत धातूचे केसासारखे धागे विणले. ते धागे ओरडणाऱ्याच्या गळ्यातली थरथर पकडत आणि मैदानावरच्या खेळाडूच्या छातीपट्टीत पोचवत. गॅलरीतली हाळी खेळाडूला कानांनी ऐकू येण्याआधी बरगड्यांना लागे. ज्या दिवशी पहिल्यांदा ती लागली, त्या दिवशी धाकटी तालीम थोरल्या तालमीशी दोन गोल मागे असताना जिंकली होती.

गळपट्टा हळूहळू आपल्या माणसाला शिकत असे. कोण कधी ओरडतो, कशावर चिडतो, कुणाच्या हाळीला साथ देतो. पहिल्या वर्षी एक जण दुबईला गेला, तेव्हा त्याच्या आईनं त्याचा गळपट्टा त्याच्या जागेवर कठड्याला बांधून ठेवला. आणि सामना रंगात आल्यावर गळपट्ट्याच्या टोकाला शिवलेल्या सुपारीएवढ्या भोंग्यातून तिचा लेक ओरडला. आई रडली, गॅलरी नाचली. मग आजारी माणसांचे गळपट्टे बांधले जाऊ लागले. त्यातलं एखादं माणूस गेलं, तर गळपट्टा सोडायचा कुणी? ते कुणालाच जमलं नाही. आज यादीवर पाचशे एकोणपन्नास गळे होते. त्यातले एकशे सदतीस या जगात नव्हते.

त्यातलाच एक धनश्रीच्या हातात होता. तिच्या वडिलांचा, बुवांचा.

"धना, जरा इकडं ये." नियाजभाईंनी तिला म्हशींच्या पलीकडे बोलावलं. साठीचे गृहस्थ, पण आज त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता. "पहाटे मतदानाची चाचणी घेतली मी. गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. हाळी दिली, 'विकायची?' म्हणून. एकशे छत्तीस जण म्हणाले, 'व्हय!'"

धनश्रीचा पेला ओठांपाशीच थांबला. "गेलेली माणसं विका म्हणाली?"

"ऐक तरी. सगळं पुसलं आणि दुसऱ्यांदा उलटं विचारलं. आधी 'ठेवायची?' तर तेच एकशे छत्तीस म्हणाले, 'व्हय!' त्यांना प्रश्न कळत नाही गं. हाळी आली की साथ द्यायची, एवढंच माझ्या यंत्रानं उचललंय. कीर्तनात मागं टाळकरी असतात ना, तसं."

तालमीत मत हात वर करून देत नसत. हाळी देणाऱ्यानं विचारायचं आणि माणसांनी गळ्यानं उत्तर द्यायचं. एका गळ्याचं एकच मत, पहिलं दिलेलं तेच खरं. यंत्र मोजणार, फलकावर आकडा दिसणार. आणि बुवा गेल्यापासून हाळी देण्याचा मान धनश्रीचा होता.

"म्हणजे मी जे आधी विचारीन, ते एकशे छत्तिसांनी जिंकणार," ती सावकाश म्हणाली.

"जिवंत चारशे बारा. अध्यक्ष तात्यांनी घरोघर विचारलंय. दोनशे एक विका म्हणतात, दोनशे अकरा नको म्हणतात. आणि त्यातले वीसेक दूध प्यायच्या आधी एक बोलतात, नंतर एक."

"मग सांगू की सगळ्यांना. यादीतनं नावं काढू."

"काढू." नियाजभाईंनी खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. "नियम ठाऊक आहे तुला. नाव त्याच्या घरच्यानं स्वतःच्या हातानं खोडायचं. माझ्या अब्बांचं हितं आहे, बुवांचं हितं. तू आधी खोड, मग मी खोडतो."

धनश्रीनं कागदाकडे पाहिलंच नाही. तिनं हातातला गळपट्टा छातीशी धरला. "बुवांनी काय उत्तर दिलं?"

"त्यांचा तर तुझ्याकडंच होता. पण गेल्यापासून कधी उत्तर दिलंय त्यांनी? तीन वर्षं तू शेजारी बसतीस, एकदा तरी आवाज आला का? बुवा जन्मात कुणाच्या मागं ओरडले नाहीत. ते सुरुवात करणारे. माझ्या यंत्रानं त्यांच्याकडनं काय शिकून ठेवलंय, देव जाणे."

बुवा दर शुक्रवारी महादेवाच्या देवळात कीर्तन करायचे आणि रविवारी गॅलरीत हाळी द्यायचे. दोन्हीकडे त्यांची रीत एकच. निरूपण ऐन रंगात असताना श्रोते पेंगले, तर ते रागवत नसत. चिपळ्या खाली ठेवत, वीणेकऱ्याला खूण करत आणि सगळं देऊळ गप्प होऊ देत. इतकं गप्प, की समईच्या वातीची तडतड ऐकू यावी. मग एकच प्रश्न विचारत आणि पेंगलेलं माणूस आपसूक ताठ बसे. मैदानावरही संघाने गोल खाल्ला, गॅलरीची जीभ टाळ्याला चिकटली, की बुवा ती शांतता पुरती मुरू देत. मग उठून विचारत, "तालीम कुणाची?" आणि सगळी गॅलरी उठायची, "आमची!"

मैदानाकडे जाताना धनश्रीला वाटेत रेवती भेटली. तिची लेक, वीस वर्षांची, मुलींच्या संघाची गोलकीपर. आज सामना नव्हता, तरी ती छातीपट्टी घालून आली होती.

"आई, तू आधी काय विचारणार आहेस?"

धनश्री थबकली. "नियाजभाई बोलले तुला?"

"बोलायला कशाला पाहिजे? माझ्या बरगड्यांना कळतं. जिवंत माणूस ओरडायच्या आधी श्वास घेतो, तेवढा उशीर होतो त्याला. गेलेल्यांची थरथर अगदी वेळेवर येऊन लागते, आणि हाळी आली की येतेच. ती माणसं चांगली आहेत गं, पण श्वास घेत नाहीत."

"आणि आजोबा?"

"ते मला कधीच लागले नाहीत." रेवती पायानं खडा उडवत राहिली. "मी तीन वर्षं त्याच चार संघांशी खेळतोय, आई. त्यांच्या पोरी पेनल्टी कुठं मारणार ते मला झोपेत सांगता येतं. ज्या तालमीला मालक कंपनी नाही, तिला मोठ्या लीगमध्ये घेतच नाहीत. विकली, तर मी खेळणार. नाही विकली, तर दोन वर्षांनी तू माझ्यासाठी स्थळं बघणार."

"आणि विकली तर तुझ्या आजोबांचा आवाज त्यांचा होणार. उद्या कुठल्याही गावात, कुठल्याही संघासाठी वाजवतील."

"वाजवू देत की! ऐकतील तरी लोक. आपल्याकडं तीन वर्षं नुसता बांधून ठेवलाय!"

धनश्रीचा हात उठला होता. तो तिनं लेकीच्या केसांवर ठेवला, आणि दोघी मैदानाकडे चालू लागल्या.

नऊ वाजता गॅलरी भरली. ऊन तिसऱ्या पायरीपर्यंत उतरलं होतं. धनश्रीनं बुवांचा गळपट्टा नेहमीच्या जागी कठड्याला बांधला, दोन वेढे आणि वर एक गाठ. आजूबाजूला तसेच एकशे छत्तीस लोंबत होते. खाली मैदानात तालमीचे अध्यक्ष विश्वासतात्या साळोखे उभे होते. त्यांच्या शेजारी कंपनीतर्फे आलेले सबनीस, तरुण आणि नम्र. रेवती आणि तिच्या संघातल्या मुली मधल्या रेघेवर बसल्या होत्या.

सबनीस चांगलं बोलले. मैदानावर नवं गवत येईल, मुलींचा संघ लीगमध्ये उतरेल. "आणि तुमचे आवाज आम्ही जिवापाड जपू," ते म्हणाले. "खरं सांगू? आम्हाला हा क्लब त्यासाठीच हवाय. असा साठा देशात कुठं नाही."

"साठा म्हणजे काय ओ? हळद हाय का ती?" वरून कुणीतरी ओरडलं.

"हळद असती तर तू कधीच विकली असतीस!" पलीकडून उत्तर आलं, आणि पुन्हा हशा, पुन्हा शिव्या. एक म्हातारी उठून म्हणाली, "माझा माणूस जिवंतपणी दोन वर्षं घरात बोलला नाही. हितं दर रविवारी बोलतो. त्याला विकायचा?" मागचा एक जण चिडून म्हणाला, "काकी, तुमच्या माणसापायी आमच्या पोरींनी घरात बसायचं काय?"

तात्यांनी हात वर केला. "झालं बोलून? धना, घे हाळी. विषयपत्रिकेत 'विकायची?' हे आधी आहे."

"तसंच ठरलंय," सबनीस चटकन म्हणाले. जरा जास्तच चटकन.

धनश्री कठड्यापाशी उभी राहिली. फलकावर दोन शून्यं होती. तिनं नियाजभाईंकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. तिनं रेवतीकडे पाहिलं. लेकीनं मान खाली घातली नाही, आणि तेच जड गेलं. 'विकायची?' म्हटलं, तर ती बापाला परक्याच्या हाती देणार होती. 'ठेवायची?' म्हटलं, तर पोरीला चार संघांच्या कुंपणात कोंडणार होती. आणि दोन्ही वेळेला ते मत पेठेचं म्हणून मोजलं जाणार होतं.

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"धना?" तात्या म्हणाले.

ती गप्प राहिली. आधी कुजबुज झाली. मग कुजबुज विरली. बुवा गेल्यापासून सामन्यात गॅलरी अशी कधी गप्प झालीच नव्हती. जिवंत माणसांचा आवाज पडला, की गेलेल्यांचे गळपट्टे ती जागा लगेच भरून काढत. पण आज चेंडू नव्हता, गोल नव्हता, हाळी नव्हती. साथ द्यायला काही नव्हतंच. म्हणून तेही गप्प राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा पाचशे एकोणपन्नास गळे एकदम शांत झाले. इतके, की गोलपोस्टच्या जाळीला वारा लागलेला ऐकू आला.

ती शांतता पुरती मुरली.

आणि धनश्रीच्या कोपराशी, कठड्याच्या गाठीतून, एक जुना खणखणीत आवाज उठला.

"तालीम कुणाची?"

मैदानात रेवती ताडकन उभी राहिली. तिचे दोन्ही हात बरगड्यांवर होते. तिच्या आजोबांचा आवाज तिला पहिल्यांदाच लागला होता.

"आमची!" एकशे छत्तीस गळपट्टे एका ठोक्यात म्हणाले. त्यांना क्षणाचाही उशीर झाला नाही.

जिवंतांपैकी कुणीच काही म्हणालं नाही. नऊ वर्षांत हे कधी झालं नव्हतं. ओठ उघडले होते, पण समोर लोंबणाऱ्या जांभळ्या रांगांनी त्यांच्या आधी उत्तर देऊन टाकलं होतं. फलकावर अजून दोन शून्यंच होती. यंत्राला हे मत कुठल्या बाजूला टाकावं ते कळत नव्हतं. सबनीसांनी नियाजभाईंकडे पाहिलं, नियाजभाई डोळे पुसत होते.

रेवती मैदान ओलांडून गॅलरीखाली आली आणि मान वर करून उभी राहिली. ती आईशी बोलत नव्हती.

"आजोबा, तालीम तुमची," ती म्हणाली. आवाज फुटत होता, तरी तिनं तो तसाच पुढं रेटला. "मान्य. मग आम्ही खेळायचं कुठं?"

बुवांच्या गळपट्ट्याला आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता. विचारणं हेच तो शिकला होता. त्याच्या टोकाच्या भोंग्यावरचा बारीक दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. धनश्रीचं बोट गाठीवर होतं. ओढलं असतं तर गाठ सुटली असती. तिनं ओढलं नाही. तिला उत्तर ऐकायचं होतं, मग ते कुणाचंही असो.

आणि मग सगळ्या गॅलरीला ऐकू आला एक श्वास. लांब, भरून घेतलेला, बोलण्याआधी माणूस घेतो तसा.

रेवतीनं बरगड्या घट्ट धरल्या. "आई," ती हळूच म्हणाली, "ही माणसं श्वास घेत नाहीत ना?"

धनश्रीनं गळपट्ट्याकडे पाहिलं. मग वळून वर पाहिलं. तिथं पायऱ्यापायऱ्यांवर चारशे माणसं एकेक करून उभी राहत होती. तो श्वास बुवांनी घेतला होता, की यांनी?