‘विनता’ विकणे आहे

बरगी धरणाच्या काठावर बोटीवरच्या ताडपत्रीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तेव्हा चप्पल काढून हातात घ्यावी की नाही, याचा प्रणोतीनं क्षणभर विचार केला.

“भैया! उतरिए नीचे! ये सेल्फी पॉइंट नहीं है!”

पाय दचकले. ताडपत्री हलली. तिच्याखालून आधी एक बॅटरी, मग विस्कटलेले केस आणि मग धुळीनं माखलेला एक हसरा चेहरा बाहेर आला.

“विनता वानखेडे तुम्हीच का?” त्यानं चक्क मराठीत विचारलं.

“विनता माझी आई. अन् ही बोट पण विनता. तुम्हाला कोण पाहिजे?”

“सध्या तरी... बोट.” तो खाली उतरला, हात पँटला पुसले, पण पुढे करायचं धाडस केलं नाही. “मी सुमेध तोरसकर. मालवणचा. जाहिरात पाहून फोन केला होता. उद्याचं ठरलं होतं, पण गाडी आजच पोचली आणि मग राहवलं नाही.”

“राहवलं नाही म्हणून दुसऱ्याच्या बोटीत घुसले? काहून?”

तो हसला. “काहून! फोनवर तुमचे बाबाही म्हणाले होते. गोड वाटतं ऐकायला.”

“त्यात गोड काय आहे? तुमच्याकडे काय म्हणतात?”

“कित्याक.”

प्रणोतीला हसू आलं. तिनं मान वळवून पाण्याकडे पाहिलं खरं, पण ते हसू त्याला दिसायचं ते दिसलंच.

ही शिडाची बोट जबलपुरात कशी आली, ही गोष्ट वानखेड्यांच्या घरी पाहुण्याला चहाबरोबर मिळायची. रामकृष्ण वानखेडे जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात येण्याआधी मुंबईच्या गोदीत होते. बदली झाली, समुद्र सुटला, पण मनातून काही जाईना. मग प्रणोती शाळेत असताना एकदा ते सुट्टी काढून मुंबईला गेले आणि एका पारशी गृहस्थाची वापरलेली शिडाची बोट घेऊन आले. होती बावीस फुटांची, अंगानं सडपातळ. शर्यतीत धावायचं आणि आतल्या केबिनमध्ये दोघांनी सुखानं झोपायचं, अशा दोन्ही कामांसाठी बांधलेली. ट्रेलरवरून ती विजय नगरात शिरली तेव्हा अख्खी कॉलनी गच्चीवर आली होती. रामकृष्णांनी तिच्यावर बायकोचं नाव रंगवलं आणि पेढे वाटले.

“माझंच नाव देऊन माझीच सवत आणली,” असं म्हणून विनताबाईंनी जो रुसवा धरला, तो वीस वर्षं टिकला. त्या बोटीत कधी चढल्या नाहीत. पण दर रविवारी पहाटे उठून पुऱ्यांचा डबा मात्र भरून द्यायच्या. बाप-लेक धरणाच्या पाण्यावर दिवस दिवस हुंदडायचे. प्रणोतीला सायकलच्या आधी सुकाणू धरता येऊ लागलं.

मग रामकृष्णांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोर ओढायला बंदी केली. प्रणोतीची बँकेत नोकरी लागली. रविवार कपडे धुण्यात आणि औषधं आणण्यात जाऊ लागले. तीन पावसाळे बोट ताडपत्रीखाली पडून होती. एके दिवशी रामकृष्णच म्हणाले, “बेटा, विकून टाकू. धावणारी होती रे ती... अशी पडलेली पाहवत नाही.”

जाहिरात प्रणोतीनंच टाकली होती. टाकताना बोटं जड झाली होती, पण ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी सुमेध घरी आला. तो मालवणात मुलांना शिडाची बोट चालवायला शिकवायचा. स्वतःची मोठी बोट नव्हती. ती घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं कारवारपर्यंत जायचं त्याचं स्वप्न होतं. रामकृष्णांनी त्याची तोंडी परीक्षाच घेतली. तो उत्तरं देत राहिला, विनताबाई त्याच्या ताटात खव्याची जलेबी वाढत राहिल्या, आणि प्रणोती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हातातलं एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

“चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका,” रामकृष्ण म्हणाले. “उद्या प्रणोती घेऊन जाईल.”

“मी? बाबा, तीन वर्षं झाली—”

“सुकाणू काय तुला विसरून राहिलं का?”

रविवारी सकाळी काठावरच्या मच्छीमारांनी बोट ढकलून पाण्यात उतरवून दिली. पाण्यावर गार वारा होता. शीड वर चढलं, फडफडलं आणि मग एकाएकी ताणून भरलं. बोट कलली. प्रणोतीच्या तोंडून, शाळेत असताना निघायची तशीच, आपसूक किंकाळी निघाली.

“घाबरलात?” सुमेधनं दोर धरून विचारलं.

“छे! खुश झाले!” ती ओरडली. वाऱ्यानं तिची वेणी सुटली होती. तो शिडाकडे पाहायचं सोडून तिच्याचकडे पाहत होता.

“जी, दोर सांभाळा. शीड इकडे नाही, तिकडे आहे.”

“सांभाळतोय,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

दुपारी मात्र वारा पडला. पडला म्हणजे असा, की शीड ओल्या धोतरासारखं लोंबू लागलं. चहूकडे काचेसारखं पाणी, लांब एका बुडालेल्या टेकडीचं डोकं आणि त्यावर ओळीनं बसलेले पाणकावळे. छोटं इंजिन होतं, पण त्यात पेट्रोल भरायचं प्रणोती विसरली होती.

“आता?”

“आता बसायचं,” सुमेध म्हणाला. तो आजवर इतक्या आनंदानं कुठेच अडकला नसावा.

विनताबाईंनी न विचारता दिलेला पुऱ्यांचा डबा दोघांनी उघडला. खाताखाता प्रणोतीनं घरून आणलेल्या झेंडूच्या फुलांतलं एक पाण्यात सोडलं.

“हे कशासाठी?”

“इथे खाली गाव आहे. धरण झालं तेव्हा बुडालं. बाबांच्या कारखान्यात तुळशीराम म्हणून होते, त्यांचं घर इथे होतं. एकदा आमच्यासोबत आले होते ते. इथे आल्यावर हात जोडले अन् मग तिकडच्या किनाऱ्यापर्यंत काही बोललेच नाहीत. तेव्हापासून बाबा इथे फूल सोडतात.”

 सुमेधनं डब्याजवळचं दुसरं फूल उचललं, सोडलं, आणि हळूच म्हणाला, “तुम्ही ही बोट विकू नका.”

“काय?”

“तुम्हाला विकायची नाहीये. मघाशी ओरडलात ना, तेव्हाच कळलं मला. मी घरी सांगतो की बोट पसंत नाही. निघून जातो.”

प्रणोतीचा चेहरा उतरला. मग एकदम तापला. “तुम्ही बोट पाहायला आले की उपदेश करायला? मला नाही विकायची, हे काय मला माहीत नाही? पण बाबा रोज विचारतात, ‘ताडपत्री नीट आहे ना?’ मी जाते, पाहते, परत येते. मी एकटी नाही चालवू शकत, ते चढू नाही शकत. तिथे पडून सडली ना, तर त्यांना वाटेल की...” तिनं डब्याचं झाकण दाबून लावलं. “ती धावताना जायला पाहिजे. चांगल्या माणसाच्या हाती. बस.”

पाणकावळ्यांतला एक उडाला. सुमेधनं कान पकडले. अगदी शाळेतल्या मुलासारखे, दोन्ही.

“चुकलो.”

“...ठीक आहे.”

“चांगल्या माणसात मी बसतो का, ते तेवढं सांगा.”

“पुऱ्या सगळ्या तुम्हीच खाल्ल्या. विचार करावा लागेल.”

वारा उतरत्या उन्हात आला. परत येताना प्रणोतीनं सुकाणू त्याच्या हाती दिलं आणि आपण पुढे डोलकाठीला टेकून बसली. त्यानं बोटीला कुठेही ओढलं-ताणलं नाही. जिवंत जनावराशी बोलावं तसं त्या बोटीशी तो वागत होता. किनारा जवळ आला, तेव्हा तिचा विचार झालेला होता.

डिसेंबरात क्रेन आली, ट्रेलर आला. शीड गुंडाळलं, डोलकाठी आडवी बांधली. रामकृष्ण खुर्चीवर बसून सूचना देत होते आणि मध्येच चष्मा काढून पुसत होते. ट्रेलर निघणार, तेवढ्यात विनताबाई पुढे आल्या. हातात तबक होतं. त्यांनी बोटीच्या नाकावर हळदकुंकू लावलं. मग सुमेधला शिडी लावायला सांगितली, पदर खोचून दोन पायऱ्या चढल्या आणि बोटीच्या पुढच्या भागात तांदूळ, नारळ, खण ठेवून सासरी जाणाऱ्या लेकीची भरावी तशी ओटी भरली.

“बारा गावचं पाणी प्यायलेली आहे,” त्या सुमेधला म्हणाल्या, “पण मनाची चांगली आहे. सांभाळा.”

वीस वर्षांची सवत मोठ्या रस्त्याकडे वळून दिसेनाशी झाली. विनताबाईंनी घरी येऊन कोणाला दिसणार नाही असं रडून घेतलं.

मग फोन सुरू झाले. मालवणहून रोज. ‘पुढचं शीड कोणत्या दोराला बांधायचं?’, ‘केबिनची खिडकी गळते, तुम्ही काय लावायचे?’ प्रश्न रामकृष्णांना असायचे आणि शेवटी एक वाक्य असायचं, “...आणि प्रणोतीजी बऱ्या आहेत ना?” पुढे पुढे प्रश्न आखूड होत गेले. एकदा तर रामकृष्णांनी फोन उचलून “खिडकी ठीक आहे, हे घे बेटा,” म्हणत थेट तिच्याच हातात दिला.

“त्या पोराला बोटीतलं सगळं येते,” ते बायकोला म्हणाले. “मग रोज काहून विचारून राहिला?”

“तुम्हाला पाच वर्षांनी कळेल,” विनताबाई म्हणाल्या.

जानेवारीत बोट समुद्रात उतरायची होती. सुमेधनं तिघांनाही बोलावलं. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही. कोकणात गाडी शिरल्यापासून रामकृष्ण खिडकी सोडायला तयार नव्हते. आणि मालवणच्या धक्क्यावर सुमेधनं त्यांना हात धरून बोटीत बसवलं, सुकाणू त्यांच्या हातात दिलं, “दोर मी ओढतो काका, तुम्ही फक्त सांगा,” म्हणाला, तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायलाही त्यांनी सुकाणू सोडलं नाही. प्रणोतीनं आपल्या बापाचा असा चेहरा शाळेत असताना पाहिला होता. त्यानंतर आज.

दिवस कलला. आईबाबा धक्क्यासमोरच्या घरात, सुमेधकडेच, वर गच्चीवर चहाला गेले. बोटीत दोघंच राहिली, दोर गुंडाळत. आभाळ केशरी झालं होतं आणि मासळीच्या होड्या एकेक करून परतत होत्या.

“प्रणोती,” तो म्हणाला. ‘जी’ गळून पडला होता. “एक खरं सांगू? मला ही बोट झेपत नव्हती. शीड जुनं, साखळी गंजलेली, इतक्या लांबून आणायची... बरगीला ताडपत्रीखाली होतो ना, तेव्हाच ठरवलं होतं, नको म्हणायचं.”

दोर गुंडाळता गुंडाळता तिचे हात थांबले. “मग घेतली काहून?”

“घेतली नसती, तर तुमच्या घरी पुन्हा कुठल्या तोंडानं फोन केला असता?”

 बोट खालच्या पाण्यानं सावकाश वर आली, सावकाश खाली गेली.

“मी लगेच नाही येऊ शकत,” शेवटी ती म्हणाली. “बाबा आहेत. नोकरी आहे. बदली मागावी लागेल, मिळेल न मिळेल...”

“मी कुठं लगेच म्हटलं?” तो घाईघाईनं म्हणाला. “मी तर अजून काही म्हटलंच नाही...”

“मग म्हण ना, वेड्या.”

त्या एका ‘म्हण’नं त्याचं उरलंसुरलं धैर्यही पळालं. त्यानं नुसता हात पुढे केला. ओला, मिठानं खरखरीत झालेला. तिनं तो धरला. दोर दोघांच्या पायात तसाच पडून राहिला.

वरून, गच्चीच्या कठड्यावरून, रामकृष्णांची हाक आली, “अरे, एक दोर गुंडाळायला इतका वेळ लागते का?”

आणि त्यामागून विनताबाईंचा दबका आवाज, “अहो, गप्प बसा. लागू द्या वेळ.”