योगराज लेस्टरला होता

मोबाईल खिशात घाला रे पोरांनो. ही गोष्ट लोटूची. कापडाच्या लूमच्या खात्यात तो माझ्या शेजारच्या मशिनींवर होता. खोटं बोलणारा गडी नव्हे. मुळात बोलायचाच कमी. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही दाराकडे तोंड करून बसून.

लोटू राहायचा इथंच, डिंडोलीत, रो-हाउसच्या शेवटच्या ओळीत. घरात बायको जयश्री आणि एकुलता एक योगराज. पोराचा गळा म्हणजे देवाची देणगी. शाळेच्या मुलांच्या गायनपथकात होता, आणि सगळी पोरं थांबली की मधली एक लांब तान तो एकटा घ्यायचा. दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात त्या पथकाला इंग्लंडचं बोलावणं आलं. लेस्टर नावाचं गाव आहे, तिथल्या गुजराती मंडळींनी तिकिटापासून सगळा भार उचलला. खानदेशातनं पोटासाठी सुरतेला आलेल्या माणसाचं पोरगं विमानात बसलं. लोटूनं खात्यात पेढे वाटले. मीही खाल्ला.

पहिला मोठा कार्यक्रम बारा तारखेला. मंगळवार, कार्तिकातली अमावास्या. तिथं संध्याकाळचे सात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. स्टेजवर जायच्या आधी योगराज व्हिडिओ कॉल करणार होता. आणि जेवणं झाल्यावर लोटूच्या लक्षात आलं की नेट संपलंय.

म्हणून तो केनाल रोडच्या पानाच्या गल्ल्यावर, टपरीवर गेला. रिचार्ज मारलं, जयश्रीसाठी बडीशेप घेतली, परत फिरला. थंडी होती. रस्त्याला चिटपाखरू नाही. लोटू खुशीत होता, म्हणून सहज योगराजची तान गुणगुणायला लागला. त्याला कुठली जमतेय? अर्ध्यावर दम सरला.

पुढची अर्धी तान मागून आली.

लोटू वळला. केनाल, झुडपं, अंधार. असेल कुणी मजूर, त्यानं मनाशी म्हटलं. पण पाय उचलून चालू लागला. घराची कडी लावली तेव्हाच त्याचा जीव भांड्यात पडला. जयश्रीला काही सांगितलं नाही.

सव्वाबाराला फोन वाजला. योगराज! निळं जाकीट, गळ्यात टाय, मागं पोरांचा कल्ला.

"मम्मी, जो ने! किती मोठा हॉल आहे! आप्पा, दिसतोय का मी?"

"दिसतोस रे बाळा," जयश्रीनं पदर डोळ्याला लावला. "स्वेटर घातला का?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"कोन शे?" लोटूनं विचारलं.

"आप्पा, दार उघाड ना. मी शे... योगराज."

तोच आवाज. तोच बारीक, काचेसारखा.

जयश्रीनं फोनकडे पाहिलं. मग दाराकडे. फोनमधला योगराज हसत होता. "आप्पा, कोण आलंय?"

बाहेर कुणीतरी तान घ्यायला लागलं. अख्खी. एका दमात.

फोनमधल्या पोराचं हसू मावळलं. "आप्पा... ये तो मेरा वाला है. तिकडे कोण गातंय?"

आणि कॉल तुटला. लोटूनं पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. नाहीच.

"माय," बाहेरून आलं. "माले हिव वाजी राह्यनं. भूक लागनी. माले मजार, घरात ली ल्या ना."

जयश्री उठली. लोटूनं तिचा हात धरला.

"सोडा! पोऱ्या थंडीत उभा शे!"

"आत्ता फोनवर कोण होता मग?"

"तो तठला खोटा शे, माय," दाराला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला. "मी खरा शे."

आईच ती. तिची बोटं कडीवर गेली. लोटूनं मला सांगितलं, 'काशीरामभाऊ, माझंही मन डगमगलं. विमान परत आलं असेल, काही झालं असेल, काय काय येतं डोक्यात.' पण मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो तिच्या कानाशी लागला.

"आपला पोऱ्या अहिराणी कधी बोलला गं? समजते त्याला. पण बोलला कधी? तुला तो माय म्हणतो?"

जयश्रीची बोटं कडीवरच थांबली.

दाराच्या त्या बाजूलाही कुणीतरी ऐकत होतं...

मग अगदी हळू...

"मम्मी?"

जयश्रीनं तोंडात पदर कोंबला.

"मम्मी, दरवाजो खोल ने."

त्यानं ऐकलं होतं. ऐकून शिकला होता. लोटूनं बायकोला मिठीत आवळलं आणि भिंतीशी नेलं. दारावर नखं फिरली. वरून खाली. पुन्हा वरून खाली. मग खालच्या फटीतून श्वास आला... नुसता श्वास. फरशीवरून गार वारा सरकत आला आणि दोघांच्या पावलांशी थांबला.

"नही उघाडस?"

आता तो पोराचा आवाज नव्हता. कुणाचाच नव्हता.

"बरं... मी दुसरं घर देखस."

पावलं वाजली नाहीत. पण ते गेलं. दोघं भिंतीला टेकून तसेच बसले. दिवा मालवला नाही.

उजाडताना योगराजचा फोन आला. कार्यक्रम झकास झाला होता, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पोरगं सुखरूप होतं. जयश्री हसली, रडली, चहा ठेवायला उठली. लोटूनं हिय्या करून दार उघडलं.

शेजारच्या मंगलाबाई ओट्यावर उभ्या होत्या. विधवा बाई, एकटी राहणारी, योगराजला मांडीवर खेळवलेली. त्या लोटूवर तुटूनच पडल्या.

"काय रे माणसं तुम्ही! परदेशातून आलेलं पोरगं रात्रभर दारात कुडकुडतंय, आणि तुम्ही कडी लावून बसता? मी घेतलं त्याला आत. हात काय गार रे त्याचे! भाकर दिली, तर नको म्हणे. नुसतं अंथरूण दे, म्हणाला. झोपलाय. उठवू नका."

लोटू त्यांच्या घरात गेला. कोपऱ्यात मंगलाबाईंची गोधडी पसरलेली होती. वर कुणी नव्हतं. मागचं दार आतून बंद. खिडकीला गज. मधोमध पोराच्या अंगाएवढा खोलगट ठसा तेवढा होता.

दीपक, मध्ये बोलू नको. पुढं ऐक.

त्या दिवसापासून मंगलाबाईंचं अंग गार पडायला लागलं. आधी हात, मग पाय. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, रिपोर्टात काही नाही. बाई दोन-दोन रजया घेऊन उन्हात बसायच्या आणि दात वाजायचे. लोटूनं उशाशी शेगडी ठेवली. जयश्री रात्र-रात्र तळवे चोळायची. एकदा मीही त्यांचा हात हातात घेतला होता. जिवंत बाईचा हात तसा नसतो रे. शेवटी शेवटी एकच विचारायच्या, "पोरगं जेवलं का?" लेस्टरहून परतलेला योगराज समोर बसलेला असायचा, तरी दाराकडे बघून विचारायच्या.

पौषात गेल्या.

त्यांच्या भावानं शहाद्याहून येऊन सामान नेलं. ती गोधडी नेली नाही. जयश्रीनं ती पहिल्याच दिवशी धुऊन मागच्या दोरीवर टाकली होती, ती नंतर कुणाला काढावीशी वाटली नाही. दीड महिना दवात, थंडीत तशीच लटकत राहिली. तेरावं झाल्यावर जयश्री ती काढायला गेली. पहाटेची वेळ. दोरी गार, भिंत गार, गोधडीच्या काठांवरून दव ठिबकत होतं.

तिनं मधोमध हात लावला... आणि लोटूला हाक मारली.

लोटूनं हात ठेवला.

गरम होती. आत्ता कुणीतरी अंगावरून काढून टाकावी, तशी.